लिक्विड फाटलं, आता काय?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं कपडे धुण्याच्या लिक्विडबद्दलच आहेत. बचत गट, शेतघराच्या पडवीत ड्रम मांडून बसलेली तरुण मुलं, एक रसायनशास्त्राचा विद्यार्थी. नोकरीची सगळी वर्षं मी डिटर्जंटच्या प्रयोगशाळेत घालवली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात बोलता येत नाही. पहिल्या पत्राला म्हणूनच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, आम्ही दहा जणी मिळून लिक्विड बनवतो. 100 लिटरला 8 किलो ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लरूप कच्चा माल), 1 किलो कॉस्टिक सोडा, 3 किलो धुण्याचा सोडा, घट्टपणासाठी 3 किलो मीठ आणि थोडी सीएमसी पावडर. पहिल्या दिवशी छान दाट होतं. आठवड्यात वर पिवळट जाड थर येतो आणि खाली पाणी राहतं. दुकानदार बाटल्या परत करतात. सोडा चांगला नाही का? (बचत गट, वाळवा तालुका)

उत्तर : सोडा चांगलाच आहे, त्याची जागा चुकली आहे. तुमच्या ड्रममध्ये सोडा आणि मीठ मिळून 6 किलो क्षार आहेत. जुन्या साबणाच्या भट्टीत शिजलेल्या साबणात मुद्दाम मीठ टाकतात, म्हणजे साबण वर येतो आणि खारं पाणी खाली बसतं. तुमच्या ड्रममध्ये नेमकं तेच चाललं आहे. क्षार पाण्याला धरून ठेवतात, स्लरीपासून बनलेल्या डिटर्जंटला पाण्यात जागा उरत नाही आणि ते वेगळं होऊन वर तरंगतं. सीएमसीनं यात मदत होत नाही. इतक्या क्षारांत ती नीट फुलत नाही आणि तिच्या गाठी तळाला बसतात.

मिठानं लिक्विड घट्ट होतं हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. थोडं मीठ घातलं की डिटर्जंटचे सूक्ष्म पुंजके लांबट होतात, एकमेकांत अडकतात आणि लिक्विड दाटतं. आणखी घातलं की दाटपणा शिखर गाठतो. त्यापुढे लिक्विड पुन्हा पातळ होतं आणि मग फाटतं. हे शिखर प्रत्येक फॉर्म्युल्यात वेगळ्या जागी असतं, म्हणून दुसऱ्याच्या कागदावरचं मिठाचं माप घेऊ नका. तयार लिक्विड, मीठ न घालता, 100 ग्रॅमच्या आठ ग्लासांत घ्या. पहिल्यात 0.2 ग्रॅम मीठ, दुसऱ्यात 0.4, असं वाढवत जा. दुसऱ्या दिवशी बघा. शिखराच्या अलीकडचा, चांगला पण सर्वांत दाट नसलेला ग्लास तुमचा.

आता फॉर्म्युला. 100 किलोसाठी मी तुम्हाला हा सुचवीन : 96 टक्क्यांची ॲसिड स्लरी 6 किलो, कॉस्टिक फ्लेक्स सुमारे 750 ग्रॅम, 70 टक्क्यांची एसएलईएस पेस्ट (फेस देणारं दुसरं डिटर्जंट) 8 किलो, नऊ मोलचं नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेलं डिटर्जंट) 3 किलो, सोडियम सायट्रेट 2 किलो, प्रॉपिलीन ग्लायकॉल 2 किलो. कपड्याला उजळपणा देणारं टिनोपाल सीबीएस-एक्स, सुगंध आणि जंतू रोखणारं प्रिझर्वेटिव्ह थोडं थोडं. बाकी पाणी. धुण्याचा सोडा अजिबात नाही. मीठ वरच्या चाचणीत ठरेल तेवढंच. महाग पडेल, मला ठाऊक आहे. पण परत आलेली बाटली त्याहून महाग पडते.

करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये निम्मं पाणी घ्या. त्यात कॉस्टिक हळूहळू विरघळवा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून डोळ्यांत उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, यात मी कुणालाच सवलत देत नाही. त्या पाण्यात स्लरी बारीक धारेनं सोडा. मिश्रण तापतं, निवू द्या. पट्टीवर पीएच 8 ते 8.5 येईपर्यंत स्लरी किंवा कॉस्टिक थेंबाथेंबानं जुळवा. एसएलईएस वेगळ्या ड्रममध्ये, पाण्यात थोडी थोडी पेस्ट टाकत विरघळवा. पेस्टवर पाणी ओतलंत तर तिचे जेलीसारखे घट्ट गोळे होतात आणि ते फुटायला दिवस जातो. मग दोन्ही एकत्र करा, नॉनआयॉनिक आणि ग्लायकॉल घाला, नंतर पाण्यात विरघळवलेलं सायट्रेट. सुगंध आणि प्रिझर्वेटिव्ह शेवटी, मिश्रण 40 अंशांखाली आल्यावर.

तुमच्या पत्रात लिहिलं आहे की हे सगळं ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात करता. आजच बंद करा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. शेजारी चूल पेटलेली असेल तर जीवावर बेतेल.

फाटलेला माल फेकू नका. ड्रम ढवळून एक लिटर काढा, त्यात पाव लिटर पाणी आणि दोन चमचे विरघळवलेली एसएलईएस घालून रात्रभर ठेवा. एकजीव राहिलं तर त्याच प्रमाणात बाकीचा दुरुस्त करा. नाही राहिलं तर ढवळून घरच्या गोधड्या आणि फडकी धुवायला वापरा. विकू नका.

प्रश्न : बाजारात ‘फॉस्फेटमुक्त’ असं लिहिलेली लिक्विडं मिळतात. आम्हालाही लेबलवर तसं छापायचं आहे. फॉस्फेटऐवजी काय घालावं, म्हणजे बोअरच्या जड पाण्यात कपडे स्वच्छ निघतील? (एक उद्योजक, जालना)

उत्तर : ‘फॉस्फेटऐवजी काय’ या दिशेनं विचार करूच नका. पावडरीतलं फॉस्फेट लिक्विडमध्ये नीट बसतच नाही. पावडरमध्ये पाणी मऊ करायला जे वापरायचे ते सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट. पाण्यात ते मर्यादितच विरघळतं आणि महिनोन् महिने पाण्यात राहिलं तर तुटून साधं फॉस्फेट होतं, जे कॅल्शियम पकडण्यात कमी पडतं. बाटलीत ते टिकणारं नाही.

आणि आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस 10500 मध्ये, काठिण्याची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 आहे. तुमच्या बोअरला 400 धरू. 20 लिटरच्या बादलीत 8 ग्रॅम काठिण्य झालं. ते सगळं बांधायला सुमारे 24 ग्रॅम सोडियम सायट्रेट लागेल. बादलीत तुम्ही लिक्विड किती घालता? दोन झाकणं, 30 मिलिलिटर. त्यात 2 टक्के सायट्रेट असेल तर ते अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर जातं. ट्रायपॉलिफॉस्फेट असतं तरी बादलीला 30 ग्रॅमच्या आसपास लागलं असतं. म्हणजे बाटलीतलं लिक्विड बादलीतलं पाणी मऊ करू शकत नाही, मग त्यात काहीही घाला.

म्हणून उत्तर डिटर्जंटच्या निवडीत आहे. स्लरीचं डिटर्जंट कॅल्शियमशी बांधलं गेलं की निकामी होतं आणि कपड्यावर राखाडी साका बसतो. एसएलईएस जड पाणी बरंच सोसते. नॉनआयॉनिकवर विद्युतभारच नसतो, त्यामुळे कॅल्शियमचं त्याच्याशी काही चालत नाही. जालन्याच्या पाण्यासाठी स्लरी 6 वरून 4 किलोवर आणा आणि नॉनआयॉनिक 3 वरून 5 वर न्या. कॉस्टिकही त्याच प्रमाणात कमी करा. मिठाची चाचणी मात्र पुन्हा घ्या, शिखर सरकलेलं असेल.

माझ्या मते बाटलीतल्या सायट्रेटचं खरं काम लहान आहे. बनवण्याच्या पाण्यातले आणि मळातले धातूंचे अंश ते पकडतं. तेवढ्यासाठीच ठेवा. आणि बनवायला बोअरचं पाणी घेऊच नका, लिक्विड पहिल्याच दिवशी धुरकट दिसेल. आरओचं किंवा गाळून साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

धुण्याचा सोडा ग्राहकानं बादलीत घालावा, हे मात्र लेबलवर जरूर छापा : जड पाणी असेल तर आधी दोन चमचे सोडा बादलीत विरघळवा, पाच मिनिटांनी लिक्विड. वरच्या बादलीला 8-9 ग्रॅम सोडा पुरतो. लोकर आणि रेशमाला नको.

लेबलबद्दल आणखी एक. धातूंचे अंश पकडायला पुरवठादार तुम्हाला एचईडीपी किंवा डीटीपीएमपी देतील. ही फॉस्फोनेटं आहेत. ती घातली तर ‘फॉस्फेटमुक्त’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा ठरेल, पण बाटलीत फॉस्फरस असेल. वाचणाऱ्याला वाटतं की फॉस्फरस नाहीच. तसं वाटू द्यायचं असेल तर खरंच घालू नका. त्याऐवजी जीएलडीए किंवा एमजीडीए मागा, दोन्ही निसर्गात विघटन पावतात. ईडीटीए स्वस्त आहे, पण पाण्यात फार काळ टिकून राहतं.

प्रश्न : आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तो साबणातल्या फॉस्फेटमुळे का? (एस.वाय.बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. फेस करतात ती डिटर्जंटसारखी पृष्ठक्रियाशील द्रव्यं, जी प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातून येतात. फॉस्फेट फेस करत नाही, ते खत आहे. त्यानं शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या तलाव क्रमांक 226 नं दिला. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी तो पडद्यानं दोन भागांत विभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकात त्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग शेवाळानं हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून काढलेला त्याचा फोटो जरूर शोधून बघ. स्वित्झर्लंडनं 1986 मध्ये कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये फॉस्फेटवर बंदी घातली. युरोपीय संघाच्या 2012 च्या नियमानुसार 30 जून 2013 पासून घरगुती धुलाईच्या एका नेहमीच्या मात्रेत 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस चालत नाही. पण एक लक्षात घे : मैलापाण्यातच भरपूर फॉस्फरस असतो. मैला थेट नदीत जात राहिला तर डिटर्जंट कितीही सुधारलं तरी जलपर्णी हटणार नाही.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आमचं लिक्विड पांढुरकं होतं, उन्हात ठेवलं की पुन्हा स्वच्छ. आणि मे महिन्यात काही बाटल्यांना कुजका वास येतो. (निफाड)

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. थंडीत स्लरीचं सोडियम डिटर्जंट बाहेर पडतं. ग्लायकॉल 2 वरून 4 टक्के करा, किंवा सोडियम झायलीन सल्फोनेट घाला. निम्म्या कॉस्टिकऐवजी ट्रायइथेनॉलअमाइन वापरलं तरी थंडी सोसते, फक्त वजन साडेतीनपट-पावणेचारपट लागेल.

वास जंतूंचा आहे. पाणी आलं की जंतू आले. तुम्ही वापरता ते सीएमआयटी-एमआयटी हे प्रिझर्वेटिव्ह जास्त पीएचला आणि अमाइनच्या संगतीत लवकर नष्ट होतं, म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन घेतलंत तर बीआयटी हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह निवडा. मात्रा पुरवठादाराच्या कागदाप्रमाणे, त्याहून जास्त नको, त्वचेला ॲलर्जी होते. ड्रम आणि नळ्या प्रत्येक बॅचनंतर उकळत्या पाण्यानं धुवा.

विक्रीआधी प्रत्येक नव्या फॉर्म्युल्याच्या चार बाटल्या ठेवा : एक फ्रिजमध्ये, एक कपाटात, एक खिडकीच्या उन्हात, एक 45 अंशांच्या ओव्हनमध्ये (जवळच्या महाविद्यालयाला विनंती करा, प्रयोगशाळेत असतो). पाचवी रात्री फ्रीझरमध्ये आणि दिवसा बाहेर, असं पाच वेळा. तीन महिने दर आठवड्याला थर, रंग, वास, पीएच वहीत लिहा. घाईच असेल तर ओव्हनच्या बाटलीला चार आठवडे तरी द्या.

प्रश्न : संत्र्याच्या सालीचं बायोएन्झाइम घालून लिक्विड ‘एन्झाइमयुक्त’ म्हणता येईल का? (नागपूर)

उत्तर : नाही. ते आंबट असतं आणि डाग काढण्याइतकं प्रोटीएझ (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) त्यात असेल याचा भरवसा नाही. लिक्विडचा पीएच उतरेल आणि सुगंध बिघडेल. खरं प्रोटीएझ विकत मिळतं, पण त्याला बाटलीत टिकवायला बोरॅक्स आणि ग्लायकॉलची जोड आणि जपून राखलेला पीएच लागतो. आधी साधं लिक्विड तीन महिने टिकवून दाखवा, मग मला पुन्हा लिहा.