चूक आधी कोणाच्या कानावर येते?

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी 9 वर्षे पॅकिंग विभागात काम केले आणि 4 महिन्यांपूर्वी त्याच विभागाची शिफ्ट माझ्याकडे सोपवण्यात आली. काल-परवापर्यंत माझ्यासोबत डबा खाणाऱ्या मैत्रिणी आता मी जवळ गेले की गप्प होतात. वरिष्ठ म्हणतात, ‘कडक राहा.’ मी काय करावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मैत्रिणी दुरावल्याचे दुःख मी समजू शकतो, परंतु मला अधिक काळजी वाटते ती त्या गप्प होण्याची. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे नेतृत्व चांगले होते, त्यांतच औषधे देताना झालेल्या चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. त्या सांगण्याची भीती कमी होती.

आपल्या विभागात हे अक्षरशः लागू पडते. रात्रपाळीत पट्टीवरचा बॅच क्रमांक पुसट उमटत असल्याचे एखादीने पाहिले आणि लगेच सांगितले, तर मशीन थांबवून मोजकी खोकी बाजूला काढता येतात; तीच बोलणी खाण्याच्या धास्तीने गप्प राहिली, तर सकाळपर्यंत सगळा माल संशयाखाली येतो. म्हणून अशा वेळी ‘हे कोणी केले?’ असे न विचारता ‘कधी लक्षात आले, आणि तेव्हापासूनची खोकी कुठे आहेत?’ असे विचारा. सांगणारीचे आभार चारचौघींसमोर माना.

कडकपणा हवाच, पण तो कामाच्या शिस्तीबाबत. तपासणी न करता बॅच रेकॉर्डवर आगाऊ सही करणे आपल्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीलाही चालू देऊ नका, कारण ते औषध शेवटी कोणाच्या तरी आजारी मुलाच्या पोटात जाणार असते.

डबा पूर्वीसारखाच एकत्र खा; मात्र एकीच्या रजेचा किंवा तक्रारीचा विषय तिथे काढू नका. आणि चवथीच्या रजांची यादी निदान महिनाभर आधी फलकावर लावा. गेल्या वर्षी चवथीला कामावर कोण होत्या हे पाहून त्यांना यंदा आधी रजा द्या, आणि त्या दिवसांतल्या एका पाळीवर स्वतःचे नाव घाला.