नेट तिकडचं, नंबर आपलाच

प्रश्न: मुलगी मेलबर्नला असते, तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने जातोय. देशाबाहेर पहिल्यांदाच. जावई म्हणतात ई-सिम घ्या, कार्ड बदलायची कटकटच नाही. शेजारचे भाऊजी म्हणतात ई-सिम घेतलं की इथला नंबर बंद, मग बँकेचा ओटीपी विसरा. ह्यांची पेन्शन, एफडी सगळं मोबाईलवर आहे. ई-सिम म्हणजे नेमकं असतं काय, आणि नंबर खरंच जातो का? माझा फोन दोन सिमचा सॅमसंग आहे, ह्यांचा साधाच अँड्रॉइड आहे.
– एक वाचक काकू, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: काकू, आधी अभिनंदन, आजी होऊन राहिल्या! आणि भाऊजींना सांगा की नंबर कुठंही जात नाही, फक्त तो सांभाळावा लागतो.

आपण सिम म्हणतो ते प्लास्टिकचं कार्ड, त्यात छोटी चिप असते. ई-सिममध्ये तीच चिप फोन बनवणाऱ्या कंपनीने फोनच्या आत कायमची बसवून दिलेली असते, बाहेरून काही घालायचंच नाही. एखाद्या वाड्यात खोल्या बांधून तयार आहेत आणि भाडेकरू तेवढा यायचा आहे असं समजा. भाडेकरू म्हणजे मोबाईल कंपनीचं प्रोफाईल, म्हणजे तुमच्या नंबरची डिजिटल ओळख, ते नेटवरून फोनमध्ये उतरतं, क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. आयफोनमध्ये असे आठ किंवा जास्तही भाडेकरू ठेवता येतात, पण दिवे एकावेळी दोनच खोल्यांत लागतात. म्हणजे तुमचं इथलं कार्ड आहे तिथंच राहते, त्याच्या जोडीला ऑस्ट्रेलियाचं ई-सिम. दोन्ही चालू. कार्ड काढायचंच नाही, आणि तोच तर सगळा फायदा आहे, कारण लोकांचे नंबर "जातात" ते ई-सिममुळे नाही, विमानतळावर पिनेनं ट्रे उघडून इथलं कार्ड काढून पर्सच्या कुठल्यातरी कप्प्यात टाकतात म्हणून जातात.

आता आधी फोन तपासा. डायल पॅडवर *#०६# लावा, आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख नंबर येतील, त्यातच ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर तुमच्या फोनात ई-सिमची सोय आहे. नाही दिसला तर नाही. सॅमसंगमध्ये एस२० पासूनच्या एस मालिकेत ही सोय साधारण मिळते, आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस, एक्सआर पासून, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये अजूनही नाही. काकांचा फोन बहुतेक त्यातलाच असेल. तसं असलं तर त्यांच्यासाठी तिकडे साधं कार्ड घ्या किंवा घराबाहेर पडल्यावर तुमच्या फोनचं हॉटस्पॉट द्या, घरात तर मुलीचं वायफाय आहेच. एक बारीक गोष्ट, तुमच्या फोनात आत्ता दोन कार्डं असतील ना, तर बऱ्याच फोनमध्ये दोन कार्डं आणि वर ई-सिम अशी तिन्ही एकदम चालत नाहीत, एक बंद करावं लागते. बँकेला जोडलेलं कोणतं आहे ते आधी पक्कं करा, नाहीतर नेमकं तेच बंद करून बसाल.

तीन महिने राहायचं तर माझं स्पष्ट मत, टूरिस्टांसाठीचं डेटावालं ई-सिम घेऊ नका, तिथल्या कंपनीचं प्रीपेड ई-सिम घ्या. टेलस्ट्रा, ऑप्टस, व्होडाफोन या तिथल्या मोठ्या कंपन्या. टूरिस्ट ई-सिममध्ये बहुतेक वेळा फक्त नेट मिळते, स्वतःचा फोन नंबर मिळत नाही. आठ दिवस फिरायला जाणाऱ्याला चालून जाते, व्हॉट्सॲप आहे ना. पण तुम्ही बाळंतपणाला चालल्या आहात, दवाखान्यातून फोन येईल, जावई ड्युटीवर असताना टॅक्सी बोलवावी लागेल, तिथला नंबर पाहिजेच. मुलीकडून ते आधीच ठरवून घ्या, पासपोर्ट लागेल.

आणि ऑस्ट्रेलियाचं म्हणून एक वेगळं सांगतो. तिथं २०२४ मध्ये ३जी नेटवर्क पूर्ण बंद झालं. त्यानंतर जो फोन तिथल्या इमर्जन्सी नंबरवर, म्हणजे ०००, ४जीवरून कॉल लावू शकत नाही त्याला तिथल्या कंपन्यांनी आपलं नेटवर्क द्यायचंच नाही असा नियम आहे. ४जीवर नेट चालते म्हणून कॉलही चालेल असं नाही बरं! बाहेरच्या देशात घेतलेल्या फोनची तिथं यातच अडचण होते. काकांचा फोन जुना असेल तर जावयाला मॉडेल नंबर कळवून कंपनीकडे विचारून घ्यायला सांगा, निघायच्या आधी.

आता ओटीपी. इथून निघायच्या आधी तुमच्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग, म्हणजे इथला नंबर परदेशातही चालायची सोय, चालू करून घ्या, कंपनीच्या ॲपमध्ये असते किंवा सीताबर्डीत त्यांच्या गॅलरीत जाऊन करा. आणि दोन प्रश्न तिथंच विचारा, परदेशात येणाऱ्या एसएमएसचे पैसे लागतात का, आणि त्यासाठी एखादं रोमिंग पॅक लावून ठेवावं लागते का. साधारणपणे येणारा एसएमएस फुकट असतो, पण प्लॅन बदलत राहतात म्हणून तुमच्याच प्लॅनचं विचारा, शेजारच्यांच्या प्लॅनचं नाही. येणारा कॉल मात्र सहसा फुकट नसतो! इथल्या नंबरवर आत्याबाईंचा फोन आला तर उचलू नका, व्हॉट्सॲपवरून लावा म्हणावं. प्रीपेड असेल तर रिचार्ज तीन महिने पुरेल असं मारून ठेवा, कारण मुदत संपली की आधी आउटगोइंग जाते, मग थोड्या दिवसांनी इनकमिंगही, आणि ओटीपी हा इनकमिंगच आहे.

फोनमधली सेटिंग एवढीच. मोबाईल डेटा कोणत्या सिमवर, तर ऑस्ट्रेलियाच्या. इथल्या सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे फक्त नेटचं रोमिंग, बंद. इथलं सिम मात्र चालूच. आणि गरज पडली की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाऊ द्या असा एक पर्याय असतो तो बंद करा, तो फार उपकार करायला जातो आणि बिल तुमच्या नावावर येते. व्हॉट्सॲप उघडल्यावर "तुमचा नंबर बदलला का" असं विचारलं तर नाही म्हणा, जुनाच नंबर ठेवा, सगळे ग्रुप तसेच राहतात. यूपीआयचं ॲपही इथूनच चालू अवस्थेत घेऊन जा, डिलीट करून पुन्हा टाकू नका, कारण नव्याने नोंदणी करताना ते ॲप तुमच्या सिमवरूनच एसएमएस पाठवते आणि तिथं बसून ते करणं म्हणजे डोक्याला ताप.

माझी स्वतःची फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी शारजाहला उतरलो, म्हटलं आता आरामात ई-सिम टाकू. क्यूआर कोड मेलवर आलेला. मेल फोनमध्ये. आणि कोड स्कॅन करायचा कशाने, तर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने! फोन स्वतःचाच स्क्रीन कसा पाहणार बाप्पा? त्यात प्रोफाईल उतरवायला नेट लागते आणि मी नेटसाठीच तर ते घेतलेलं. विमानतळाचं वायफाय पकडायला ओटीपी, ओटीपीसाठी रोमिंग, आणि रोमिंग मी पैसे वाचवायला बंद ठेवलेलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मल्याळी काकांनी त्यांच्या फोनवर कोड उघडून धरला तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. आता नव्या आयफोनवर कोडच्या फोटोवर बोट दाबून धरलं तरी चालते, अँड्रॉइडमध्येही कोड हाताने टाकायची सोय असते, पण मी तरी आपला धरमपेठेत जाऊन दहा रुपयात रंगीत प्रिंट काढतो आणि पासपोर्टमध्ये ठेवतो. तुम्हीही घरच्या वायफायवर, चहा घेत, निघायच्या आदल्या दिवशी ई-सिम टाकून ठेवा. फक्त काही प्लॅनची मुदत टाकल्यापासून सुरू होते, काहींची तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, ते वाचून घ्या. आणि नेट चाललं नाही म्हणून रागाने ई-सिम डिलीट करू नका, बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात, डिलीट केलं की पैसे गेले. आधी फोन बंद करून चालू करा, ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आहे का पहा. बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असते. टूरिस्ट ई-सिम दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असू शकते, म्हणून त्याचं रोमिंग चालू ठेवावंच लागते, आणि लोक आपल्या सिमसोबत त्याचंही बंद करून टाकतात.

प्रश्न: आम्ही चार मित्र पाच दिवसांसाठी बँकॉक-पट्टायाला चाललो. यूट्यूबवर सगळे जे ई-सिमचं ॲप सांगतात ते माझ्या फोनवर सापडूनच नाही राहिलं. फोन खराब आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: फोन चांगला आहे भाऊ. तुम्ही ॲपचं नाव लिहिलं नाही पण एअरालो किंवा होलाफ्लाय असावं असं वाटते. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागते, ते नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये या दोघांच्या साइट आणि ॲप इथं बंद करायचे आदेश निघाले, ॲपल आणि गूगलने आपल्या भारतातल्या स्टोअरमधून ॲप काढले. यूट्यूबवाले बसलेत लंडनला नाहीतर दुबईला, त्यांना काय फरक पडते! परदेशी नंबर वापरून लोकांना फसवतात हे या कडकपणामागचं कारण होतं, त्यामुळे व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून जुगाड करा असं मी सांगणार नाही.

पाच दिवसांसाठी तुम्हाला त्याची गरजही नाही. एक तर आपल्याच कंपनीचं रोमिंग पॅक, महाग वाटते पण काही करावं लागत नाही, नंबर आणि नेट दोन्ही तेच. दुसरं म्हणजे सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्या उतरल्या एआयएस आणि ट्रूचे काउंटर असतात, पासपोर्ट दाखवायचा, टूरिस्ट सिम घ्यायचं, काउंटरवरची पोरगीच सगळं लावून देते. चौघांनी चार घेऊ नका, दोघांनी तिथलं घ्या आणि दोघांनी त्यांच्या हॉटस्पॉटवर चालवा, फक्त हॉटस्पॉटला परवानगी आहे का ते आधी विचारा. अनलिमिटेड लिहिलं असलं की खालची बारीक अक्षरं वाचा, रोज ठराविक डेटा संपला की स्पीड इतका पडतो की मॅप उघडेपर्यंत टुकटुकवाला निघून जाते. आणि एकाच्या तरी फोनवर रोमिंग पॅक राहू द्या, चौघं बाजारात चुकले की तेव्हा कळते काहून ते.

प्रश्न: मला फोन आला, "तुमचं सिम जुनं झालं, फुकटात ई-सिम करून देतो, लिंकवर ओके करा." सुनेने फोन हिसकून कट केला. मी चुकलो का सून?
– एक निवृत्त वाचक, महाल

उत्तर: सून बरोबर, शंभर टक्के. त्या लिंकवर ओके केलं की तुमचा नंबर त्या चोराच्या फोनात ई-सिम म्हणून उतरते आणि तुमच्या कार्डाचा टॉवर गायब. पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. कुठलीही कंपनी स्वतः फोन करून असं करून देत नाही, ई-सिम पाहिजे तर आपण कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानात जाऊन मागायचं असते. घरात बाकी सगळ्यांना टॉवर आहे आणि तुमच्याच फोनला अचानक नाही असं झालं तर वाट पाहू नका, दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. सुनेला एक किलो संत्रा बर्फी माझ्याकडून, पैसे तुमचे.

प्रश्न: पुतण्याने अमेरिकेहून आयफोन १५ आणला, सिम टाकायला जागाच नाही. डुप्लिकेट दिला का?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर: डुप्लिकेट नाही. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसते, फक्त ई-सिम. जिओ, एअरटेल, वी (व्होडाफोन-आयडिया) तिघंही आपलं चालू कार्ड ई-सिममध्ये बदलून देतात, नंबर तोच राहते, कंपनीच्या दुकानात आधार कार्ड घेऊन जा. एकच गोष्ट, सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे ओटीपी नाही. तेव्हा बदल करायचाच तर साध्या दिवशी करा, पोरीच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स भरायच्या दिवशी नका करू.