मत्स्यशेतकऱ्यांचा गट आणि फोनवरचा सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात शेततळ्यांत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून व्हॉट्सॲपवर एक गट केला आहे. गेल्या पावसाळ्यात माशांवर उवा पडल्या, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातून फिरत आलेला औषधाचा एक संदेश दोघांनी वापरला. एकाचे मासे सुधारले, तर दुसऱ्याच्या तळ्यात एका रात्रीत मोठी मरतुक झाली. दोन्ही तळी ३० बाय ३० मीटरचीच आहेत. तेव्हापासून गटावरचा विश्वास उडाला आहे. असा गट चालवावा की बंद करावा?
(एक मत्स्यशेतकरी, ता. सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : गट बंद करू नये. आपल्या प्रश्नात तळ्याची लांबी-रुंदी आहे, पण औषध टाकले त्या दिवशी पाणी किती होते याचा उल्लेख नाही. बहुधा तो त्या संदेशातही नसावा, आणि पहिली शंका तेथेच घ्यावी लागते. ३० बाय ३० मीटरचे ३ मीटर खोल तळे अनेकजण सरळ गुणाकार करून २,७०० घनमीटरचे धरतात. प्रत्यक्षात बाजूंना उतार असतो आणि हा उतार एकास एक (एक मीटर खोलीला एक मीटर आत) असेल तर काठोकाठ भरलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. पाणी दीड मीटरवर उतरले की ते निम्मेही राहत नाही, सुमारे ९७७ घनमीटर उरते. अशा वेळी २,७०० घनमीटरच्या हिशेबाने औषध टाकले, तर माशांना पावणेतीन पट मात्रा बसते. म्हणून ज्या संदेशात पाण्याचे घनमीटर दिलेले नाहीत, तो औषधाचा सल्ला मानूच नये, मग तो कोणीही पाठवलेला असो.

गटाने एक नियम कटाक्षाने पाळावा, असे मला मनापासून वाटते. अडचण मांडणाऱ्याने तारीख, वेळ, त्या दिवशीची पाण्याची खोली, पाण्याचा रंग, माशांची जात व अंदाजे वजन, बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) केव्हा सोडली आणि गेल्या आठवड्यात खाद्य, खत किंवा औषध काय टाकले, एवढे लिहावे. छायाचित्र काढायचे तर जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाचे, दिवसाउजेडी, कल्ल्यावरचे झाकण उचलून काढावे. मेल्यानंतर काही तासांत कल्ले आपोआप पांढुरके पडतात, त्यामुळे दुपारी काठाला लागलेल्या माशाचे छायाचित्र पाहून रोग ओळखू पाहणारा हमखास फसतो. उवा मात्र साध्या डोळ्यांनी दिसतात आणि जवळून घेतलेल्या स्वच्छ छायाचित्रातही ओळखू येतात.

काही प्रसंगी संदेश पाठवणे हाच चुकीचा मार्ग ठरतो. पाण्यातील वनस्पती-प्लवंग (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तेच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते, आणि दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले तर धोका आणखी वाढतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की हातात फार थोडा वेळ असतो. पहाटे चारला टाकलेला संदेश इतरांनी सातला वाचून काय उपयोग? ज्यांच्याकडे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) किंवा जादा पंप आहे अशा शेजाऱ्यांची नावे आधीच ठरवून ठेवावीत आणि त्यांना थेट फोन करावा. आभाळ भरून आले की आदल्या संध्याकाळी गटावर ‘आज खाद्य थांबवा, पहाटे तळ्यावर फेरी मारा’ एवढे लिहिणे फार मोलाचे आहे.

मरतुक लपवण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. व्यापारी भाव पाडेल किंवा लोक बोलतील या भीतीने शेतकरी गप्प बसतो आणि त्याच आठवड्यात त्याचे जाळे शेजारच्या तळ्यात उतरते. ओल्या जाळ्यातून उवा आणि रोग दोन्ही पसरतात. मत्स्यबीज एकाच ठिकाणाहून आणले असेल, तर इतरांना लगेच कळायला हवे. गटात अशी बातमी देणाऱ्याला दोष देऊ नये. त्याने बाकीची तळी वाचवलेली असतात.

गटातील अनुभवाला तज्ज्ञाची जोडही हवी. २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप सुरू केले असून त्यावरून रोगाची माहिती थेट अधिकारी व मत्स्यआरोग्य तज्ज्ञांपर्यंत पोहोचवता येते. आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातील एखाद्या अधिकाऱ्याला गटात येण्याची विनंती करून पाहावी.

प्रश्न : आमच्या मत्स्य संस्थेने मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुना सिंचन तलाव) ठेक्याने घेतला आहे. बऱ्याच सभासद महिलांकडे साधे फोन आहेत, काहींना वाचताही येत नाही. आम्ही या तंत्रज्ञानाचा उपयोग कसा करावा?
(एक सभासद भगिनी, जि. गोंदिया)

उत्तर : ताई, साधा फोनही पुरेसा आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीत बोलता येते आणि मत्स्यपालनाचे प्रश्नही विचारता येतात. फोन लाउडस्पीकरवर ठेवून चार-पाच जणींनी एकत्र ऐकावे, म्हणजे एकीच्या ऐकण्यातून सुटलेले दुसरी सांगेल. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहेत त्यांना लिहिण्याऐवजी आवाजातच निरोप पाठवावेत आणि ते संस्थेच्या बैठकीत सर्वांना ऐकवावेत.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची माहिती मात्र पाण्याची आहे. धानासाठी तलावाचे पाणी केव्हा आणि किती सोडणार, हे आधी कळले तर तुडुमाच्या (तलावातून पाणी सोडण्याच्या मार्गाच्या) तोंडाशी जाळी बसवता येते, मोठे मासे वेळेत काढता येतात. पाणी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाचा आणि संस्थेतील दोघींचा फोन क्रमांक एकमेकांकडे असावा आणि पाणी सोडण्याच्या किमान दोन दिवस आधी फोन करायचा, हे या हंगामाच्या पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे.