आयएसओ सर्टिफिकेट असूनही कंपनीतली क्वालिटी का सुधारत नाही? यात मॅनेजमेंटचं नेमकं काम काय?

तुम्ही लिहिलंय की जालन्यात एका कारखान्यात क्वालिटीला नवीन लागलाय, आयएसओ ९००१ चं (क्वालिटीची सिस्टिम कशी चालवावी याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) सर्टिफिकेट रिसेप्शनला फ्रेम करून लावलंय, तरी रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, हटत नाही, आणि वरचे साहेब म्हणतात क्वालिटी बघायला तुम्हाला ठेवलंय, आम्हाला डिस्पॅच बघू द्या. मी इथं सहसा नुसता वाचतो, लिहीत नाही. पण वाळूजच्या एमआयडीसीत क्वालिटीत १९ वर्षं काढलीत आणि हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहायला बसलोच.

माझं मत आधी सांगतो. एखादा ऑपरेटर स्वतःच्या पायानं येऊन ‘साहेब, माझ्याकडून चुकलं’ म्हणतो, तेव्हा वरचा माणूस त्याचं काय करतो, यावर कंपनीची क्वालिटी ठरते. प्रोसिजर, फॉरमॅट, ऑडिट सगळं त्याच्या नंतर.

२०१३ चा उन्हाळा. तुम्ही जालन्याचे, त्या सालाचं वेगळं सांगायला नको. अंबड, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हातानं तोडून सरपणाला घातल्या, आणि त्या वर्षी वाळूजला गेटवर कामासाठी पोरांची रांगच असायची. तशातलाच एक पोरगा आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टवर लागला. आयटीआय टर्नर, २१-२२ वय, बागायतदाराचं लेकरू, रांजणगावला सहा जणांत एक खोली. हात चांगला होता त्याचा. मशीन पुसून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा, जे आजकाल कोणी करत नाही.

आम्ही तेव्हा दुचाकीसाठी एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा भाग, करायचो. बोअर, म्हणजे आतलं भोक, २० एच-७, म्हणजे माप २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या आतच पाहिजे, एकवीस मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) जागा. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, घासत जातं तसा बोअर बारीक यायला लागतो, मग ऑपरेटर मशीनमधे चार-पाच मायक्रॉनचा वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेपुरती दुरुस्ती, देतो, हे रोजचंच. त्या रात्री त्याचा रिलीव्हर आला नाही म्हणून सुपरवायझरनं त्याला दुसरी शिफ्ट करून लगेच तिसरीला थांबवलं. पहाटे तीनच्या आसपास त्यानं ०.००५ टाकायच्या जागी ०.०५ टाकलं. एक शून्य राहिलं. तासाभरानं चेकिंगला नग उचलला, प्लग गेज (भोकाचं माप बघायचा दांडा) लावला, तर जी नो-गो बाजू तोंडावरच अडायला पाहिजे ती तूप लावल्यासारखी सरकन आत. ऑफसेट त्यानं लगेच दुरुस्त केला. पण तोवर साठेक नग झालेले, आणि दोन मशीनचा माल एकाच क्रेटमधे जायचा, सगळं एकात एक.

ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती. शीटवर २०.०१० असं बरोबर माप लिहून तो सकाळी खोलीवर जाऊन झोपू शकला असता. तो सातला माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, डोळे लाल, आणि खिशातनं तोच नग काढून टेबलावर ठेवला. म्हणला, साहेब माझ्याकडून चुकलं, क्रेटमधे साठ-सत्तर नग मोठ्या बोअरचे हायेत, गाडी जाऊ देऊ नका.

मी लॉटला लाल टॅग लावून माल थांबवला. गाडी गेटवर उभी होती. दोन जण बसवून ४१२ नग एकेक करून प्लग गेजनं तपासले, घड्याळात सव्वा तास लागला, ६३ नग निघाले. बाकीचा माल गेला, गाडी दीड तास लेट, गिऱ्हाइकाची लाईन एक मिनिट थांबली नाही. म्हणजे हिशोब बघा, त्या पोरामुळं गिऱ्हाइकाकडं एकही खराब नग गेला नाही.

साडेनऊला प्लँट हेड आले, गाडी लेट का गेली विचारलं, कारण ऐकलं आणि तिथंच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून पोराला बंद केलं. मला म्हणले रिपोर्ट आजच बनवा. रूट कॉज: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. करेक्टिव्ह अॅक्शन: ऑपरेटरला कामावरून कमी केलं. तो रिपोर्ट मी बनवला. सही माझी आहे. त्याला बारा तासाच्या वर मशीनवर उभं केलं होतं हे मी त्यात लिहिलं नाही, आणि हे आजही मला टोचतं.

गेटवर तो सेफ्टी शूज जमा करायला थांबला होता. मला वाटलं चिडेल, काहीतरी बोलेल. त्यानं एवढंच विचारलं, “साहेब, रात्रीची हजेरी तरी लागंल ना?”

पुढच्या तीन महिन्यांत आमचं रिजेक्शन कागदावर निम्म्यावर आलं. रिव्ह्यू मिटिंगमधे टाळ्या वाजल्या. मी पॅट्रोलच्या, म्हणजे चालू कामात अधूनमधून माप घेऊन लिहायच्या, शीट बघायलो तर २०.०१०, २०.०११, २०.०१०, २०.०१०, आठ-आठ तास तेच. आता तुम्ही इंजिनिअर आहात, विचार करा, इन्सर्ट घासतंय तर बोअर हळूहळू उतरायलाच पाहिजे आणि ऑफसेट दिला की एकदम वर चढायला पाहिजे, खऱ्या चार्टला करवतीसारखे दाते असतात. आमचा चार्ट रूळ ओढल्यासारखा सरळ झाला होता. लोक मोजतच नव्हते, नाहीतर मोजून दुसरंच लिहीत होते.

दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस चिपची (मशीनवर निघणाऱ्या लोखंडी कातरणाची) ट्रॉली रिकामी करताना मला आत काहीतरी चमकल्यासारखं दिसलं म्हणून हात घातला. तेलात भिजलेल्या चिपच्या गुंडाळ्यात तयार नग होते. एक काढला, दुसरा काढला, मग ट्रॉली आडवीच करायला लावली. अकरा निघाले. लोक खराब नग रिजेक्शनच्या लाल पेटीत टाकायच्या ऐवजी चिपमधे पुरून भंगारात घालवत होते, आणि आम्ही लाल पेटी मोजून टाळ्या वाजवत होतो.

जानेवारीत गिऱ्हाइकाकडं लाईन थांबली, त्याच बुशमुळं. आमची सहा माणसं चार दिवस तिथं उभी राहून माल निवडत होती, वर नुकसानीचे पैसे कापल्याची डेबिट नोट आली ती वेगळीच. परत आल्यावर मी एका जुन्या ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारलं, काका, तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणले, होतं की. म्हणलं मग सांगितलं का नाही? तर म्हणले, “त्या लेकरानं सांगितलं होतं, त्याला काय मिळालं? आम्हालाबी लेकरं हायेत साहेब.”

आता तुमच्या सर्टिफिकेटचं. आयएसओ ९००१ वाईट नाही, लोक ते न वाचता शिव्या देतात. १९८७ ला पहिल्यांदा आलं, आत्ता सगळीकडं चालतं ते २०१५ चं, आणि त्या २०१५ च्या आवृत्तीत मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे ज्याला आपण एमआर म्हणतो, तो नेमायची सक्ती काढून टाकली. कारण व्हायचं असं की एका गरीब माणसाला एमआर करायचं आणि क्वालिटीचं सगळं त्याच्या गळ्यात घालून साहेब मोकळे. आता पाचवं कलम अख्खं लीडरशिपवर आहे आणि सिस्टिम चालते की नाही याचा जाब टॉप मॅनेजमेंटला आहे. त्यामुळं तुमचे साहेब जे म्हणतात ते त्यांच्याच फ्रेममधल्या सर्टिफिकेटच्या विरोधात जातं. पण ऑडिटर वर्षातनं एक-दोन दिवस येतो, त्याच्यासमोर कागद चांगला असला की झालं, कुणाला कशासाठी काढलं ते त्याला कुठं दिसणार.

क्वालिटीतले अमेरिकन गुरू डेमिंग, त्यांचं नाव ऐकलं असेलच. १९५० ला जपानला गेले तेव्हा त्यांनी इंजिनिअर लोकांसोबत कंपन्यांच्या मुख्य साहेब लोकांनाही बसवून शिकवलं, आणि १९५१ पासून तिथं त्यांच्या नावानं प्राइज देतात. त्यांचे चौदा मुद्दे आहेत, त्यातला आठवा फक्त भीतीबद्दल आहे, की कामाच्या जागेवरची भीती घालवा. दहावा मुद्दा घोषणा आणि पोस्टर काढून टाकायचा. आमच्या गेटवर त्या सगळ्या काळात ‘झिरो डिफेक्ट’ चा बोर्ड होता. टोयोटात लाईनवर दोरी असते (काही ठिकाणी आता बटण), काही चुकतंय वाटलं की कामगार ती ओढतो आणि टीम लीडर धावत मदतीला येतो, ठरल्या वेळात सुटलं नाही तर लाईन थांबते. आपल्याकडं दोऱ्या लावल्या बऱ्याच जणांनी, पण ओढणाऱ्याला पहिला प्रश्न ‘का ओढली’ असा येतो, मग दुसऱ्यांदा कोण हात लावणार.

आमच्या कॉलनीत तेव्हाचे आमचे एक प्रॉडक्शनचे साहेब राहतात, आता रिटायर आहेत, सकाळी फिरायला बरोबर असतो. माणूस चांगला, अडीअडचणीला पहिला धावून येतो. पण या एका विषयावर दहा वर्षं झाली आमचं जमत नाही. ते म्हणतात, त्याला काढला म्हणून बाकीचे सरळ झाले, रिजेक्शन कमी झालंच होतं ना? मी म्हणतो साहेब, रिजेक्शन कमी झालं नाही, सांगणं कमी झालं. ते म्हणतात शिस्त नको का? मी म्हणतो शिस्त पाहिजेच, पण त्या रात्री शिस्त कुणी मोडली? १६ तासाला माणूस उभा केला त्यानं, दोन मशीनचा माल एका क्रेटमधे जाऊ दिला त्यानं, म्हणजे तुम्ही आणि मी. आणि ते ०.०५ मशीननं घेतलंच कसं? बऱ्याच सीएनसी कंट्रोलरमधे वेअर ऑफसेट एका वेळी किती टाकता येईल याला लिमिट घालता येते. तेवढं एक पॅरामीटर भरलं असतं तर मशीननं अलार्म देऊन नाही म्हणलं असतं. चुकीच्या मुळाशी जायला आम्ही पाच वेळा ‘का’ विचारायचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि पहिल्याच ‘का’ ला माणूस सापडला म्हणून थांबलो. माणूस बदलला, मशीन तसंच राहिलं. यावर ते गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू करतात.

२०१९ ला मी दुसऱ्या कंपनीत क्वालिटीचा इनचार्ज झालो. पहिल्याच महिन्यात रात्री दोनला एका ऑपरेटरचा फोन आला, साहेब लॉट बिघडलाय. मी गाडी काढून गेलो, सगळ्यांसमोर त्याला म्हणलं बरं केलं सांगितलंस, चहा मागवला, माल निवडला, आणि त्याच आठवड्यात सगळ्या मशीनला ऑफसेटची लिमिट भरून घेतली. पुढचे तीन महिने रिजेक्शन कागदावर वाढलं. हे तुम्हीही लक्षात ठेवा, लोक खरं सांगायला लागले की आकडा आधी वर जातो. मालकांनी बोलावलं. मी आदल्या दिवशीची लाल पेटी उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, म्हणलं साहेब, हे आधी भंगारात नाहीतर गिऱ्हाइकाकडं जात होतं, आता आपल्याला दिसायलंय. त्यांनी ऐकून घेतलं, वेळ दिला. वर्षाच्या शेवटी आकडा उतरला तो खरा उतरला. मॅनेजमेंटचं काम म्हणजे माझ्या लेखी हे, वाईट आकडा ऐकून घेऊन सांगणाऱ्याला जागेवर ठेवणं.

तुम्ही नवीन आहात म्हणून एवढंच करा, रूट कॉजच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ कधी लिहू नका. लिहायला लावलं तर किती तास ड्युटी होती, गेज कॅलिब्रेट होता का, मशीननं ती चूक होऊ का दिली, हे खाली लिहून मग सही करा. शिफ्ट बदलायच्या वेळेला शॉपवर उभे राहत जा, खऱ्या गोष्टी तेव्हाच कानावर येतात. तुमचा कारखाना कशाचा ते लिहिलं नाही तुम्ही. सळईचा असेल तर १२ एमएमच्या सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलोच्या आसपास यायला पाहिजे, मग काट्यावरचा माणूस कमी भरलं तर ते लिहितो का तोंड बघून लिहितो, ते आधी बघा.

एक सांगायचं राहिलं. जाणूनबुजून खोटं रीडिंग लिहिणारा, दारू पिऊन मशीनवर येणारा, त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे, त्याला मी पाठीशी घालत नाही. आणि छोट्या मालकाचंही खरं असतं, गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलेलं, बँकेचा हप्ता डोक्यावर, त्याच्या जागी बसून बघितल्याशिवाय त्याला वाईट ठरवू नका. पहिल्या महिन्यातच साहेबांशी भांडूही नका, नोकरी सांभाळून करा. मी त्या दिवशी भांडलो नाही म्हणून असं सांगतोय असं वाटेल, पण तुमच्या घरचं मला माहीत नाही.

त्या पोराचा नंतर पत्ता लागला नाही. त्या रात्रीची हजेरी मी कॉन्ट्रॅक्टरच्या मागं लागून लावून घेतली होती, पैसे त्याला मिळाले का ते समजलं नाही.

तुमच्याकडं सीएनसी असतील तर कंट्रोलर कोणता आहे ते खाली कमेंटमधे लिहा, ऑफसेटची लिमिट कुठं भरायची ते सांगतो. मशीनवाल्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला पण फोनवर विचारून बघा.