‘वो फलार’ की ‘फलरेय’?

पोर्तुगीज शिकणाऱ्या एकांनी विचारलंय: पुस्तकात भविष्यकाळ म्हणून ‘फलरेय’ (मी बोलेन) पाठ करायला दिलंय, पण पोर्तुगालच्या लोकांच्या तोंडी सतत ‘वो फलार’ ऐकू येतं. पुढचे बेत सांगताना यातलं कोणतं वापरायचं?

बेत सांगायचा असेल तर बिनदिक्कत ‘वो फलार’. ‘वो’ म्हणजे ‘मी जातो’ आणि त्यापुढे क्रियापद शब्दकोशात असतं तसंच. आपण ‘बोलणार आहे’ म्हणतो तिथे हे चपखल बसतं. आधी स्पॅनिश शिकलेली मंडळी मध्ये एक ‘आ’ घुसवतात, तो इथे नको. आणि जायचंच असेल तर ‘वो ईर’ म्हणू नका. ब्राझीलमध्ये बोलताना ते कानावर येतं, पोर्तुगालमध्ये खटकतं. ‘अमन्यां वो अ लिज्बोआ’, उद्या लिस्बनला जातोय, एवढं पुरतं. बेत अजून कच्चा असेल तर ‘पेंसु ईर’, म्हणजे आपलं ‘जायचं म्हणतोय’.

मग ‘फलरेय’ कशाला शिकायचं? बातम्या, सरकारी पत्रं, भाषणं यांत ते भरपूर भेटतं. बोलण्यात मात्र या रूपाचं खरं काम अंदाज बांधण्याचं. दार वाजलं की ‘कें सरा?’, कोण असेल? ‘की ओरश सरांव?’, किती वाजले असतील? गोष्ट आत्ताची, रूप भविष्याचं, अगदी आपल्या ‘असेल’सारखं. इंग्रजीतून शिकवताना यावर पानभर खुलासा करावा लागतो, मराठी माणसाला एक उदाहरण पुरे.

निश्चय सांगायचा तर ‘एय द व्होल्तार’: परत येणारच! यातला ‘च’ महत्त्वाचा, कधी येणार ते ठरलेलं नसलं तरी चालतं. (जुन्या पुस्तकांत ‘एय’ आणि ‘द’मध्ये जोडरेघ दिसेल, 1990च्या शुद्धलेखन कराराने ती काढली.)

पण बेत म्हटला की ‘जर’ आणि ‘की’ आलेच, आणि पोर्तुगीजची सगळ्यात देखणी जागा मला तिथे दिसते. ‘लिस्बनला गेलो की फोन करतो’ यात जाणं पुढे व्हायचंय, तरी आपण भूतकाळी ‘गेलो’ म्हणतो. पोर्तुगीज इथे एक वेगळंच रूप वापरतं, ‘क्वांदु फोर अ लिज्बोआ’, आणि ते रूप घडतं भूतकाळातूनच! ‘फोरंव’ म्हणजे ‘ते गेले’, त्याचं शेपूट काढलं की ‘फोर’. ‘तिव्हेरंव’ (‘त्यांच्याकडे होतं’) वरून ‘तिव्हेर’: ‘से तिव्हेर तेंपु’, वेळ मिळाला तर. इंग्रजीच्या वळणाने इथे ‘क्वांदु वो’ म्हटलंत तर अर्थ बदलून ‘जेव्हा जेव्हा जातो तेव्हा’ असा होतो.

नियमित क्रियापदांत हे रूप मूळ क्रियापदासारखंच दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. ‘से शुव्हेर, फिकु एं काझा’: पाऊस आला तर घरीच थांबतो. पुढचा भागही बघा, ‘फिकु’ आणि ‘थांबतो’ दोन्ही वर्तमानकाळी. तेव्हा भविष्यकाळाचे तक्ते घोकण्याआधी ‘ईर’ (जाणं), ‘तेर’ (जवळ असणं), ‘फझेर’ (करणं) आणि ‘व्हीर’ (येणं) यांचा भूतकाळ पक्का करा. बेत सांगायला तोच जास्त लागेल.