मिसळणाच्या डब्यातला ‘म’

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत जातो. शाळेतून रोज एक पान लिहायला येतं. पेन्सिल हातात घेतली की तो रडायलाच लागतो. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी ‘कॅट, मॅट’ वाचून दाखवते. मी महापेला नोकरी करते, घरी यायला साडेसात वाजतात. सासूबाई दिवसभर त्याच्याशी मालवणीत बोलतात, गजाली सांगतात. त्याने त्याचा गोंधळ होत असेल का? घरी इंग्रजीच बोलायचं का? मोबाइलवर अक्षरांचं अॅप घेऊन देऊ का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : आधी एक सांगते. सासूबाईंना थांबवू नका. तुमच्या मुलाच्या वाचनाची सगळ्यात मोठी तयारी सध्या त्याच करून घेत आहेत. मूल अक्षराला अक्षर जोडून शब्द वाचतं, तेव्हा तो शब्द आधी कानावरून गेलेला असेल तर त्याला तो चटकन लागतो, नाहीतर नुसता आवाज निघतो आणि अर्थ हाती येत नाही. दिवसभर गजाली ऐकणाऱ्या मुलाकडे शब्दांची केवढी पुंजी जमते! आजी मालवणीत बोलते, आई मराठीत, बाई इंग्रजीत, हे या वयाच्या मुलांना व्यवस्थित कळतं. कधी एका वाक्यात दोन भाषा येतील, येऊ द्यात.

आता संध्याकाळचे साडेसात. तुम्ही दमून आलेल्या असता, फोडणी टाकायची असते. त्याला ओट्याजवळ स्टुलावर बसवा आणि मिसळणाचा डबा उघडा. ‘म-म-मोहरी. अजून कोण आहे म-वालं?’ मेथी आहे, मिरचीपूड आहे, शेजारच्या बरणीत मीठ आहे. हळद आणि हिंग ह-वाले. जिरं बिचारं एकटं. हा खेळ पाच मिनिटांचा आहे, पण त्यात मूल जे शिकतं त्यावर पुढचं सगळं वाचन उभं राहतं : बोललेला शब्द आवाजांचा बनलेला असतो आणि ते आवाज सुटे करता येतात. हे कानाला उमगलेलं नसेल तर पाटीवरचा ‘म’ त्याच्यासाठी फक्त एक चित्र असतं. आणि मोहरीतला ‘म’ ओळखणाऱ्या कानाला मंकीतला ‘म’ वेगळा शिकवावा लागत नाही. घरात मराठी बोलल्याने इंग्रजी मागे पडत नाही, असं मी म्हणते ते यामुळेच. सुरुवातीला पहिला आवाज, जमलं की शेवटचा, आणि टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे.

टाळ्यांसाठी तुमच्याइतकी सोय कुणाला नसेल. ठाणे-वाशी गाडीत बसलात की ऐ-रो-ली, र-बा-ळे, घण-सो-ली, तीन-तीन टाळ्या. को-पर-खै-र-णे, पाच! माझी नात चार वर्षांची असताना आम्ही दर शनिवारी कोपरखैरण्याहून ठाण्याला जायचो. असाच टाळ्यांचा खेळ चालायचा, अक्षरं मी शिकवत नव्हते. एकदा ठाण्याला उतरल्यावर ती पाटीसमोर थांबली, हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “आजी, हा आपल्याकडचा आहे.” मला कळेना. तिने बोट वर केलं, ‘णे’वर. आमच्या स्टेशनच्या पाटीवर शेवटी जो असतो तोच इथेही शेवटी होता. ‘ण’ म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, तिला काही ठाऊक नव्हतं. पण कानाने ऐकलेलं आणि डोळ्याने पाहिलेलं त्या क्षणी जुळलं. प्लॅटफॉर्मवर गर्दी होती, तरी आम्ही तिथेच उभ्या राहिलो, तिने तो ‘णे’ पुन्हा पुन्हा पाहून घेतला. तुमच्या ऐरोलीचा ‘ली’ घणसोलीतही आहे. सांगू नका हं, त्याला सापडू द्या.

आता पेन्सिलीचं. मी बालवाडीत लागले तेव्हा पहिली काही वर्षं मीही मुलांकडून पाट्या भरून घेतल्या. एक मुलगा ‘अ’ काढायचा, माझ्याकडे बघायचा आणि थुंकी लावून पुसून टाकायचा. पुढे पुढे तो सकाळी वर्गाच्या दाराची चौकट धरून ठेवायला लागला. आईने एकेक बोट सोडवून त्याला आत द्यायचं. त्या मुलाचं वाईट मला अजून वाटतं, कारण चूक त्याच्या हाताची नव्हती, माझ्या घाईची होती. त्यानंतर एका शिबिरासाठी कोसबाडला जाणं झालं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आता तो भाग पालघरमध्ये गेला. महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे घेऊन त्यांनी मुलांना शिकवलं. परत आल्यावर मी वर्गातल्या पाट्या सहा महिने कपाटात ठेवल्या.

तुमच्या मुलाला आधी बोटांत जोर येऊ दे. मटार सोलू दे, गवार मोडू दे, कणकेचे गोळे करू दे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावू दे. परातीत रवा पसरून त्यात बोटाने रेघा काढू दे. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर असंच शिकवत, धुळाक्षरं हा शब्द तिथलाच. आणि रविवारी भाजीची यादी करताना त्यालाही एक कागद द्या. तो गिरगटेल आणि म्हणेल, “हे टोमॅटो.” त्यावर हसू नका, दुरुस्तही करू नका, बाजारात ती यादी त्यालाच वाचायला सांगा. बोललेलं कागदावर उतरतं आणि पुन्हा बोलता येतं, एवढं त्याला समजलं आहे, आणि ते पानभर ‘ए’ गिरवण्याहून मोठं आहे.

शाळेच्या पानाबद्दल बाईंना सरळ भेटा. ‘दोन ओळी करू, रडायला लागला की थांबवू,’ असं सांगा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. साडेचार म्हणजे त्यातलं दीडच वर्ष झालं. शेजारच्या मुलीचं कौतुक करा आणि विषय तिथेच संपवा.

अॅप नको. त्याऐवजी झोपताना एक गोष्ट वाचा, शब्दाखालून बोट फिरवत, मध्येच ‘आता काय होईल रे?’ विचारत. महिनाभर तीच गोष्ट मागितली तरी तीच वाचा. मात्र मागून हाक मारल्यावर तो वळत नसेल, किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्यांना समजत नसेल, तर कान तपासून घ्या. त्यात उशीर नको.

प्रश्न : माझी नात मराठी शाळेत पहिलीला आहे. ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करते, ‘किती’मधली वेलांटी कधी ‘क’च्या पुढे तर कधी मागे देते. निष्काळजीपणा म्हणावा का?
– एक आजोबा, कोपरी

उत्तर : नाही आजोबा, मुळीच नाही. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो आणि मग ‘इ’, पण ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘क’च्या आधी. कान एक क्रम सांगतो, डोळा दुसरा. पोर बिचारी कानावर विश्वास ठेवते, म्हणून गल्लत होते. तिला लिहिताना मोठ्याने बोलायला सांगा, आधी ‘क’ काढू दे, मग वेलांटी चढवू दे. ‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्का झाल्यावर आठवड्याने दुसरा. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच. सात वर्षांपर्यंत एखादं अक्षर उलटं काढणंसुद्धा नेहमीचंच.

तुम्ही कोपरीला राहता, म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच. १८९३ पासूनचं ते ग्रंथालय आहे. नातीला घेऊन जा. पुस्तक तिचं तिला निवडू द्या, अगदी पातळ निवडलं तरी. घरी आल्यावर तिने तुम्हाला वाचून दाखवायचं, आणि ती अडखळली की लगेच शब्द सांगू नका. मनात दहा आकडे मोजा, मगच बोला.