निन्टेन्डो की सोनी?

प्रश्न : कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं, बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींची नक्कलच करत असतात. मग नवं काही करण्याचं श्रेय तुम्ही कुणाला द्याल?

उत्तर : निन्टेन्डोला, आणि तेही न अडखळता. १९९६ साली तिचा निन्टेन्डो ६४ हा कन्सोल आला. अंगठ्याने कंट्रोलरवरची काडी जितकी झुकवू, तितका खेळाचा नायक मारिओ हळू किंवा वेगात चालायचा. पहिल्या दिवशी मी पुढे गेलोच नाही, त्याला नुसता गोल गोल पळवत राहिलो!

पण सोनीला नकलाकार म्हणणं मला पटत नाही. १९९७ मध्ये तिने दोन काड्यांचा, हातात थरथरणारा ड्युअलशॉक कंट्रोलर काढला. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने नजर फिरवायची, ही आजची सवय त्याच मांडणीवर बसली आहे. शिवाय सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलचा जन्मच मोडलेल्या सोयरिकीतला. १९९१ मध्ये निन्टेन्डोने सोनीला बाजूला सारून सीडीवरून खेळ चालवणारं यंत्र बनवण्यासाठी फिलिप्सचा हात धरला आणि १९९४ मध्ये सोनी स्वतःचं यंत्र घेऊन मैदानात उतरली. ते भांडण झालं नसतं, तर माझे कितीतरी आवडते खेळ कदाचित बनलेच नसते.

मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स लाइव्ह, म्हणजे इंटरनेटवरून इतरांशी खेळण्याची सोय, मला मनापासून आवडलं. मात्र इंटरनेटवर खेळण्याचा विषय निघाला की मला सेगा आठवते. तिच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये इंटरनेटला जोडणारा मोडेम आधीपासूनच बसवलेला होता. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवलं, याची हळहळ मला आजही वाटते.